मार्ग मोकळा

सकाळचे सहा वाजले असतील. मी ब्रश घेऊन वॉर्डामागच्या नळावर चालले होते, तर तिथे चांगुणाबाई पाठमोऱ्या उभ्या. मान खाली, उजव्या हाताचा अंगठा नाकाच्या मुळाशी रुतवलेला. त्यांनी अंगठा दाबला, पदराच्या टोकानं डोळ्याचा कोपरा पुसला, पुन्हा दाबला, पुन्हा पुसला. अगदी सवयीचं काम असावं तसं.

"काय करताय?" मी विचारलं.

त्या दचकल्या. पदराचं टोक मुठीत गेलं.

"काय न्हाय. रातचं चिपडं धरत्यात."

"बघू पदर."

"चिपडंच म्हनलं न्हवं, बाई?"

मी मूठ उघडून पाहिली. पदरावर पिवळट, चिकट डाग होता. एक नव्हे, बरेच. काही ताजे, काही वाळलेले. चिपडं नव्हती ती. पू होता.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे उजव्या डोळ्यानं. डावा लहानपणीच देवीत गेला होता, त्या जागी नुसता पांढरा खळगा होता. आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे मीही त्यांना धुक्यातली आकृतीच दिसत असणार.

"बोलू नगंस कुनाला," त्या म्हणाल्या. "दोनदा माघारी लावलंय मला. दोन शिबिरांतनं. आज न्हाय माघारी जायची."

दाढी करायला कुणी तरी म्हातारबाबा नळाकडे आले आणि आमचं बोलणं तिथेच तुटलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. डोळ्यांच्या तपासणीचा दोन वर्षांचा कोर्स करून माणदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लागून आठ महिने झाले होते. गावोगाव जाऊन मोतीबिंदूचे पेशंट शोधायचे, जीपमधून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणायचे, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांची तयारी करायची, हे माझं काम. त्या खेपेला मी बेचाळीस जणांना आणलं होतं.

त्या तयारीत सिरिंजिंग नावाची एक चाचणी असते. डोळ्यातलं पाणी आपल्याला न कळत सारखं नाकात उतरत असतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून ते नाकाशेजारच्या एका पिशवीत जातं आणि तिथून नळीनं खाली. नळी तुंबली की पाणी पिशवीत साचतं, नासतं, त्याचा पू होतो. अशा डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं नसतं. डोळा उघडला आणि तो पू आत शिरला, तर दोन दिवसांत डोळा जातो. म्हणून आधी बोथट सुईनं त्या छिद्रातून मिठाचं पाणी सोडून बघायचं. पेशंटच्या घशात खारट लागलं तर मार्ग मोकळा. पाणी उलटून डोळ्यात आलं तर मार्ग बंद.

आदल्या संध्याकाळी तेहतीस जणांचं मी केलं होतं. पाठ भरून आली होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. उरलेल्या नऊ जणांचे डोळ्यांचे कोपरे मी नुसते बोटानं दाबून पाहिले. काही आलं नाही. आणि कागदावर लिहून टाकलं, 'मार्ग मोकळा'. नऊ वेळा.

त्या नऊंत चांगुणाबाई होत्या. माझ्यासमोर यायच्या आधी त्यांनी पिशवी दाबून रिकामी केली होती, हे मला आता नळावर कळलं.

तोंड धुऊन मी वॉर्डात आले. थेंब घालायची वेळ झाली होती. ऑपरेशनवाल्या डोळ्यात दर दहा मिनिटांनी थेंब, बाहुली मोठी होईपर्यंत. मी एकेका खाटेशी जात होते आणि मनात नुसती घालमेल चालली होती. सांगावं तर आठ जणांचे कागद पुन्हा उघडणार. सांगावं तर माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. सांगावं तर घरी काय सांगू? न सांगावं तर? सगळ्यांचेच डोळे काही जात नाहीत, असं मी स्वतःला म्हटलं. आधी, नंतर औषधं देतातच की. हे म्हणत असताना चांगुणाबाईंच्या डोळ्यात थेंब घातला, तर तो भरून गालावर वाहिला. त्यांनी पुसला आणि हळूच म्हणाल्या, "देव तुजं बरं करंल."

त्यांना वाटलं, मी गप्प बसणार.

यादीत त्यांचा नंबर पाचवा होता. पहिला गेला, आला. दुसरा गेला. मी उरलेल्या आठ जणांचं सिरिंजिंग गुपचूप उरकून घेतलं. आठही मोकळे निघाले. त्यानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आता उरल्या होत्या त्या एकट्या चांगुणाबाई. मी दोनदा थिएटरच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चांगुणाबाई आत गेल्या होत्या.

मग मात्र मी चपला तिथेच टाकून आत शिरले.

त्या टेबलावर होत्या. चेहऱ्यावर हिरवं कापड, कापडाच्या भोकातून नुसता डोळा. डॉक्टर रणदिवे हातमोजे चढवून बसलेले, हातात चिमटा.

"सर, थांबा."

"काय झालं?"

"सर, पिशवी दाबून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. 'मार्ग मोकळा.' मग त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दाबलं. जरा थांबून खोलवर दाबलं. पिवळ्या पुवाचा थेंब वर आला.

त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"हे सिरिंजिंग कुणी केलं?"

"केलं नाही सर. मी नुसतं लिहिलं."

"आणखी कितींचं?"

"नऊ. बाकी आठ जणांचं आत्ता केलं. ते मोकळे आहेत."

डॉक्टर रणदिवे मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. कापड काढायला सांगितलं, हातमोजे उतरवले आणि म्हणाले, "बाहेर थांब. तुझं मी नंतर बघतो. आधी ही बाई."

चांगुणाबाई उठून बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"दागदर, मी सही केली न्हवं? अंगठा दिलाय. काडा मोतीबिंदू."

"काढला तर डोळा जाईल, आजी. आणि तुम्हाला दुसरा डोळा नाही. आधी ही पिशवी नीट करायची."

"मग ती करा आज."

"करता येईल. दोन तऱ्हा आहेत." त्यांनी स्टूल ओढलं आणि ते बाईंसमोर बसले. "एक म्हणजे, पिशवी काढूनच टाकायची. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पू बंद होईल, तीन आठवड्यांनी मोतीबिंदू काढू. पण पाण्याला जायला वाटच राहणार नाही, त्यामुळे डोळा जन्मभर पाझरत राहील. दुसरी म्हणजे, नाकाचं हाड थोडं कोरून पिशवीला नाकात नवी वाट काढून द्यायची. त्याला दीड तास लागतो, रक्त जातं. पण जमलं तर पाझर थांबतो. पुण्यात हे नाकातूनच दुर्बिणीनं करतात, बाहेर टाकासुद्धा लागत नाही. आपल्याकडे ती सोय नाही. मोतीबिंदू तेव्हाही नंतरच. सहा आठवड्यांनी. तुमच्या वयाला आम्ही बहुतेक पहिलीच तऱ्हा करतो."

"म्हंजे मोतीबिंदू आज न्हाय."

"आज नाही."

"मला चारच दिस हायत. पुतनसून चार दिसांनी मेंढरामागं निगंल. मग घरी कोन?"

"घरी कोण आहे तुमच्या?"

त्या खाली उतरल्या, भिंत चाचपत वॉर्डात गेल्या, वाकळेच्या पिशवीत लुगडं कोंबलं आणि निघाल्या. जाता जाता माझ्याशी थांबल्या.

"कशापायी सांगितलंस गं? माजी एकुलती वाट तू बंद केलीस."

एस्.टी. स्टँडावर मी त्यांना गाठलं, पण त्या न थांबता गाडीत चढल्या. मी त्याच गाडीत चढले. त्या पुढच्या बाकावर, मी मागच्या. त्यांच्या वस्तीचा फाटा आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. फाट्यावरून दीड मैल माळ. चांगुणाबाई पायवाटेला पायांनी ओळखत होत्या, मी मागे मागे.

"कशाला येतीस?" एकदा वळून विचारलं.

"मला बघायचंय, घरी कोण आहे ते."

"बगून काय करनार?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? मागे जायची हिंमत नव्हती, एवढंच खरं.

घर दगडमातीचं, एका खोलीचं. दाराशी घोंगड्यांचा मोडका माग. आत पुतणसून, अंजाक्का नावाची तरुण बाई, चूल सारवत होती. चांगुणाबाईंना बघून तिनं कपाळाला हात लावला. "परत लावलं व्हय काकी?"

आणि आत, बाजेवर, त्यांचे मालक. धुळाप्पा विरकर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हात-पाय गेले, वाचा गेली. शरीर हाडाचं उरलं होतं, पण डोळे असे की मी दारातच थबकले. ते डोळे आधी बायकोकडे गेले, मग माझ्याकडे, मग पुन्हा बायकोकडे आणि तिथेच राहिले.

चांगुणाबाई बाजेवर बसल्या आणि पार खाली वाकल्या. इतक्या, की त्यांचं नाक मालकांच्या नाकाला लागेल.

"आली बगा मी. भूक लागली का?"

धुळाप्पांनी पापण्या एकदा मिटल्या आणि उघडल्या. तेवढ्यात चांगुणाबाईंच्या डोळ्यातून पाण्याचा थेंब सुटला आणि मालकांच्या पापणीवर पडला. पापण्या पुन्हा मिटल्या.

"काय म्हनाला? व्हय का न्हाय?" चांगुणाबाई ओरडल्या. "अंजा, काय म्हनालं गं ते?"

"व्हय म्हनालं काकी. दुसरं पान्यानं मिटलं."

मग अंजाक्कानं मला सांगितलं. एकदा पापणी मिटली म्हणजे हो, दोनदा मिटली म्हणजे नाही. वारं गेल्यावर काकींनीच हे शोधून काढलं होतं. सुरुवातीला सगळं बोलणं त्यावर चालायचं. तहान, भूक, ऊन, कूस बदलायची, कुठं दुखतंय. पण होळीपासून काकींना दिसेनासं झालं. मग त्या अशा वाकून बघायला लागल्या, तर हे पाणी.

"बोटानं चाचपून बघता नाही येत?" मी विचारलं.

"हात लावला की डोळा मिटतोच की गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुजापन मिटंल. त्यातलं व्हय कंचं आन् न्हाय कंचं? ही अंजा हाय तवर ठीक हाय, ही सांगती. ही गेली की आमी दोगं घरात, आन् त्यास्नी काय हवं मला ठावं न्हाय. कुठं दुकतंय ते ठावं न्हाय. ते बोलत असत्यात आन् मला ऐकू येत न्हाय."

मी बाजेजवळ गेले. काय करतेय ते न कळताच मी धुळाप्पांना विचारलं, "काका, यांनी दवाखान्यात थांबावं ना?"

पापण्या मिटल्या. एकदा. घट्ट.

"हो म्हणाले ते."

चांगुणाबाईंनी मान माझ्याकडे वळवली.

"कागदावर पन तूच लिवलंवतंस न्हवं? मोकळा मार्ग म्हनून?"

  अंजाक्का हलकेच म्हणाली, "खरंच व्हय म्हनालं काकी." पण त्या माझ्याकडेच तोंड करून बसून राहिल्या, आणि पाणी गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून हातावर ओघळत राहिलं.

"दोघंही चला," मी म्हणाले.

"कुटं?"

"दवाखान्यात. यांच्या पाठीला जखमा झाल्यात." वास येत होता, मघापासून येत होता. "त्यांना पुरुषांच्या वॉर्डात दाखल करू. तुम्ही बायकांच्या. तिथं सिस्टर असतात, मीही येत असते."

"आन् तुजं कोन ऐकनार?"

तेही बरोबरच होतं. मी फाट्यावर परत गेले, टपरीवजा एस्.टी.डी. बूथवरून जिल्ह्याला फोन लावला. डॉक्टर रणदिवे लाइनवर यायला बराच वेळ गेला. मी सगळं सांगितलं. पाठीच्या जखमा, पापण्या, थेंब. भडाभडा सांगितलं. 

"मेडिसिनवाल्यांशी बोलतो," ते शेवटी म्हणाले. "जीप सकाळी पाठवतो. मंगळवारी बाईंची पिशवी काढून टाकू."

"सर, पिशवी काढून नाही चालणार."

"काय?"

"पू थांबेल, पण पाणी राहील. मोतीबिंदू काढला तरी चष्मा लावून बाईंना मालकांजवळ वाकावंच लागणार, आणि थेंब पडत राहणार. नवी वाट काढून द्या सर."

"त्याला दीड तास लागतो. मंगळवारी माझ्या यादीत छत्तीस माणसं आहेत."

"मग बुधवारी करा."

"मला वार सांगणार तू? कालचा कागद विसरलीस?"

 टपरीवाला टक लावून बघत होता.

"बुधवारी," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी जीप आली; धुळाप्पांना उचलून आत ठेवलं तशा चांगुणाबाईही मागोमाग चढल्या. दवाखान्यात पाच दिवस औषधं देऊन आधी पिशवीची सूज उतरवली. बुधवारी चांगुणाबाईंना नाकाशेजारी इंजेक्शनं दिली, बधिर केलं. मी डोक्याशी उभी होते, सरांनी मुद्दाम उभं केलं होतं. नाकाच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा छेद. मग हाड. हाड कोरायचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि चांगुणाबाई तर तो आपल्या डोक्याच्या आतून ऐकत होत्या. त्यांनी हात वर करून माझं मनगट धरलं.

"काय फोडत्यात गं?"

"वाट काढतायत."

"दगुड लागला वाटतं."

डॉक्टर रणदिवे हसले असावेत, मास्कमुळे कळलं नाही. मध्येच रक्त वाढलं, रक्तदाब चढला, वीस मिनिटं नुसतं दाबून धरून बसावं लागलं. त्या वीस मिनिटांत मला वाटलं, हेही माझ्यामुळेच. छोटं ऑपरेशन केलं असतं तर एव्हाना त्या खाटेवर असत्या. मग रक्त थांबलं. पिशवी नाकाच्या अस्तराला शिवली, टाके घातले. एक तास पन्नास मिनिटं लागली.

टाके काढल्यावर सरांनी सुई माझ्या हातात दिली. "कर."

मी मिठाचं पाणी भरलं. पहिल्या खेपेला सुई छिद्रात जाईना. गेली तेव्हा पिचकारीचा दांडा अगदी हळू दाबला. पाणी उलटून आलं नाही. मी वाट बघत होते.

चांगुणाबाईंनी आवंढा गिळला.

"ह्यॅ! खारट लागलं घशात."

मी कागद ओढला आणि लिहिलं. काय लिहिलं ते सांगायला नको.

माझ्या आधीच्या लिहिण्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष गेलं. सरांनी ते टाळलं नाही, आणि मीही त्यांना टाळा म्हटलं नाही. धुळाप्पांच्या जखमा महिन्याभरात भरत आल्या. मेंढरं चाऱ्यासाठी उतरणीला गेली, अंजाक्का गेली, आणि हे दोघं दवाखान्यातच राहिले. चांगुणाबाई दिवसभर पुरुषांच्या वॉर्डात असत. पाणी थांबलं होतं, पण दिसत नव्हतंच. तिथल्या पाखरे सिस्टर येता-जाता पापण्या वाचून सांगत; एरवी चांगुणाबाई अंदाजानंच चालत. मी तालुक्याहून पेशंट घेऊन येई तेव्हा मी सांगे. कधीकधी चांगुणाबाई माझ्या सांगण्यावर पाखरे सिस्टरांना पुन्हा विचारत. मला ते लागे, पण बोलायची सोय नव्हती.

सहा आठवड्यांनी मोतीबिंदू निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पट्टी सोडली. चांगुणाबाईंनी आधी सरांचा चेहरा बघितला, मग माझा. माझा जरा जास्तच वेळ.

"तू एवढुशीच हायस व्हय?" म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, थोराड असशील."

आणि खाटेवरून उतरल्या. वऱ्हांडा ओलांडून पुरुषांच्या वॉर्डात गेल्या. डोळ्यावर काळा चष्मा, पण भिंत न चाचपता. मी मागून चालले. धुळाप्पांच्या खाटेशी स्टूल होतं, त्यावर बसल्या. या वेळी वाकल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मालक, वळकलंत का?"

पापण्या एकदा मिटल्या.

चांगुणाबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग विचारलं, "मी नीट केलं न्हवं तुमचं? ह्या एवड्या दिसांत?"

पापण्या मिटल्या, उघडल्या. आणि पुन्हा मिटल्या, उघडल्या.

दोनदा. स्पष्ट.  आता बाई मोडणार, असं वाटून मी पुढे सरले.

"न्हाय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

एकदा.

त्यांनी तोंडावर पदर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण पदर खाली आला तेव्हा त्या हसत होत्या, शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसेल इतक्या मोठ्यानं.

"बगा की! न्हाय म्हनत्यात! होळीपासनं मी सगळ्यालाच व्हय धरून चाललेय. आता भांडत्यात माज्याशी!" डोळा कोरडा, चेहरा सगळा फुललेला. पुढे सरकून म्हणाल्या, "सांगा काय चुकलं. डाव्या कुशीला दुकतंय?"

एकदा.

"तरी मी डाव्याच कुशीला निजवत हुते. आन् वाकळ? वाकळंनं गदमदतं?"

एकदा.

"आन् ह्ये दूद?" खाटेशेजारच्या टेबलावर वॉर्डातून आलेला दुधाचा पेला झाकून ठेवलेला होता. "दूद पन नगं हुतं? रोज दोन टायमाला मी पाजतेय त्ये?"

धुळाप्पांनी बायकोकडे पाहिलं आणि पापण्या सावकाश, एकदाच मिटल्या.

चांगुणाबाईंनी पेला उचलला, झाकण काढलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत बघत सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं.